चिनी ऑपेरा बघायला सुरुवात कुठून करावी? (मुक्काम हांगझोऊ)

नीलाक्षी_एस

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही हांगझोऊला आलोय आणि अजून दोनेक वर्षं तरी इथून हलत नाही. मी नाटकवेडी, त्यामुळे इथली रंगभूमी बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मध्यंतरी बीजिंगला पेकिंग ऑपेराचा एक प्रयोग पाहिला. परदेशी पाहुण्यांसाठी असतो तसला, तीन तुकड्यांचा. हरायला आलेल्या श्यांग यू राजाची राणी तलवारी घेऊन नाचते तो भाग, मग माकडराजाच्या कोलांट्या, आणि शेवटी ‘तीन वाटांचा नाका’ नावाची मारामारी. या मारामारीवर मी फिदा आहे. सरायमधली खोली, मध्यरात्र, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख, हे सगळं आपण समजून घ्यायचं. रंगमंचावर लख्ख उजेड. दोघं एकमेकांना चाचपडत शोधतात, पातं नाकासमोरून सपकन जातं आणि ज्याचं नाक त्याला पत्ता नाही! गाणं मात्र डोक्यावरून गेलं. झांजांनी कान बधिर झाले ते वेगळंच.

इथली शेजारीण सत्तरीची आहे. ती म्हणते, तो उत्तरेकडचा दणदणाट सोड, आमचं युएजू (म्हणजे इथला ऑपेरा) बघ. आता मला विचारायचंय ते असं: प्रांतोप्रांतीचे हे ऑपेरे खरोखर वेगळे असतात की नुसती नावं वेगळी? भाषा जेमतेम बाजारहाटापुरती येत असताना काही हाती लागतं का? आणि गोष्टी इतिहासातल्या, पुराणातल्या असतात म्हणे, त्या आधी वाचून जावं की तसंच जाऊन बसावं?

कापडवाला

नीलाक्षीताई, शेजारणीचं ऐका. मी तुमच्यापासून फार लांब नाही, शाओशिंगच्या कछ्याओमध्ये असतो. कापडाचा धंदा. इथल्या कापडबाजारात आपली माणसं ढिगाने, पण ऑपेराला चला म्हटलं की सगळ्यांना नेमकं त्याच दिवशी कंटेनर भरायचं असतं. त्यामुळे तुमचा धागा बघून हात शिवशिवले. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

वेगळे असतात. चीनभरात तीनशेहून जास्त प्रकार मोजतात. एक टेबल आणि दोन खुर्च्यांत राजवाडा, हातात चाबूक असला की घोडा, वल्हं असलं की होडी, हे सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. गोष्टीही बऱ्याचशा त्याच. बदलते ती बोली, आणि बोलीमागोमाग चाल. चिनीत शब्दाचा सूर चढला की उतरला यावर अर्थ ठरतो आणि हे चढउतार दर मुलखात निराळे. उत्तरेकडच्या शेन्सी प्रांताची चाल शाओशिंगच्या बोलीवर बसवायला गेलात तर ‘आई’चा ‘घोडा’ व्हायचा. म्हणून दर बोलीने आपापलं गाणं घडवलं.

भाषेची काळजी सोडा. रंगमंचाच्या कडेला पट्टीवर अक्षरं उमटत असतात आणि चिनी प्रेक्षकही ती वाचत असतो. खुनछू नावाच्या जुन्या ऑपेराची भाषा चारशे वर्षांपूर्वीची, ती बीजिंगच्या कॉलेजातल्या पोरालाही कानाने कळत नाही.

वाचून मात्र जाच. इथे ‘पुढे काय होणार’ बघायला कोणी येत नाही. माझ्या घरमालकीणबाई रुमाल उलगडून मांडीवर ठेवतात, का, तर आता अमुक प्रवेश येणार आणि आपण रडणार हे त्यांना ठाऊक असतं.

माझं ऐकाल तर एकच गोष्ट धरा आणि ती वेगवेगळ्या प्रांतांत बघा. तुम्ही हांगझोऊत, तेव्हा श्वेतसर्पिणी धरा. तिचा भूगोल तुमच्या दारातच आहे. हजार वर्षं तप केलेली पांढरी नागीण, नाव बाय सूझन, बाईचं रूप घेऊन पश्चिम सरोवरावर येते, ‘तुटक्या पुला’जवळ पावसात शू श्यान भेटतो, छत्रीची देवघेव होते, लग्न होतं. फाहाय नावाचा भिक्षू नवऱ्याचे कान भरतो आणि त्याला झेनज्यांगच्या सोनगड मंदिरात अडकवून ठेवतो. ही बाई नवरा परत मिळवायला मंदिरावर पूर आणते. शेवटी भिक्षू तिला लेईफंग मनोऱ्याखाली गाडतो. तो मनोरा 1924 साली खरोखरच कोसळला, आत्ता दिसतो तो 2002 मध्ये नव्याने उभारलेला.

आता हीच गोष्ट पेकिंग ऑपेरात बघा. पूर म्हणजे निळ्या-पांढऱ्या लाटांची निशाणं घेतलेली पोरं. नागीण मध्ये उभी, चहूकडून तिच्यावर भाले येतात आणि ती ते पायाने, टाचेने उलटे भिरकावते. एक भाला पडला तरी अख्खं थिएटर हळहळतं. खुनछूमध्ये मारामारी संपली की बासरीवर ‘तुटक्या पुला’चा प्रवेश, नवरा-बायकोचं भांडण, आणि तिथे एकेक अक्षर इतकं ताणतात की तेवढ्यात तुमचा चहा निवेल. सिच्वानमध्ये तर गंमतच. नागिणीची सखी, ती हिरवी, तिथे मुळात नर साप आहे. लढाईत पांढरीकडून हरला म्हणून बाई होऊन तिची दासी झाला. त्यामुळे घरात असताना ती भूमिका नटी करते आणि युद्ध पेटलं की त्याच भूमिकेत नट उडी मारून येतो. मुखवटे झरझर बदलण्याची जी करामत तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल ती सिच्वानचीच. पर्यटकांपुढे ती सुटी करून दाखवतात, कथेच्या भरात आली तर तिची मजा और आहे.

ठेका_केरवा

कापडवाल्यांनी गाण्याचं बोट धरलंच आहे म्हणून तबलजीचे दोन शब्द. ताई, झांजांवर रागावू नका, त्यांच्याकडे नीट बघा. ताफ्याचा म्होरक्या ढोलकरी असतो. डाव्या हातात लाकडी चिपळ्या, उजव्या हातात काडी, समोर छोटा टणटणीत ढोल. त्याची काडी पडल्याशिवाय नट पाऊल उचलत नाही आणि नटाने बाही झटकल्याशिवाय त्याची काडी पडत नाही. कोण कोणाच्या मागे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रांत ओळखायचा तर आधी वाद्य ऐका. खुनछू म्हणजे बासरी. पेकिंगला ती बांबूची चिमुकली कर्कश सारंगी, जिंगहू. शीआनकडे गेलात तर बोरीच्या जातीच्या एका झाडाच्या कडक लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटतात, त्याच ‘बांगझी’वरून उत्तरेकडच्या ऑपेरांचं एक मोठं कुळच ओळखलं जातं. तिथला ऑपेरा म्हणजे छिनछ्यांग, तो गातात म्हणण्यापेक्षा गर्जतात, आणि हे स्वतः शेन्सीवालेच छाती फुगवून सांगतात. 1912 साली निघालेली यीसुशे नावाची संस्था शीआनमध्ये अजून चालू आहे, जमलं तर तिथे ऐका. ग्वांगडोंग-हाँगकाँगच्या ऑपेरात गेल्या शतकात व्हायोलिन आणि सॅक्सोफोनही शिरले. आणि सिच्वानच्या ‘उंच चाली’त तर सुरांचं वाद्यच नाही! नट एकटा गातो, मागे फक्त ढोल-झांजा, आणि ओळीच्या शेवटी पडद्याआडून कोरस उचलतो. माझ्या मते चीनमधलं सगळ्यात धाडसी गाणं तेच. बाकीचे काहीही म्हणोत.

शंकासूर

माहिती छान, पण ‘इतिहासावर आधारित’ हे जरा जपून घ्या. मी चिनी इतिहास थोडाफार वाचलाय. त्साओ त्साओ हा प्राचीन काळचा सेनापती, उत्तम कवी आणि कडक प्रशासक होता, ऑपेरात त्याला पांढरं फटक तोंड देऊन कायमचा कपटी करून टाकलाय. ‘रिकाम्या किल्ल्या’ची गोष्ट घ्या. झूगे ल्यांग हा मुत्सद्दी दारं सताड उघडून तटावर वीणा वाजवत बसतो आणि समोरचा शत्रूचा सेनापती सुमा यी घाबरून फौज मागे घेतो. ज्या साली ही मोहीम झाली त्या 228 मध्ये सुमा यी त्या आघाडीवर नव्हताच! मग पोरांनी हे बघून काय शिकायचं?

कापडवाला

शंकासूर, नावाला जागलात.

तुमचं म्हणणं खरं आहे आणि आणखी दोन दाखले मीच देतो. न्यायाधीश बाओ, काळं तोंड आणि कपाळावर चंद्रकोर, हा खरा माणूस, 999 ते 1062. त्याचा सगळ्यात गाजलेला खटला छन शमेईचा. गरीब घरचा पोरगा राजधानीत परीक्षेत पहिला येतो, बायको-पोरं लपवून राजकन्येशी लग्न करतो. बायको दोन लेकरांना घेऊन शोधत येते तर हा त्यांना मारायला माणूस पाठवतो. त्या माणसाच्याने मारवत नाही, तो स्वतःच्याच गळ्यावर तलवार फिरवतो. शेवटी राजमाता आडवी आली तरी बाओ पदाची टोपी काढून ठेवतो आणि जावईबापूंचं मुंडकं उडवतो. बाओच्या वेळच्या, म्हणजे सुंगकाळच्या, नोंदींत असा जावई सापडत नाही. खुद्द बाओ राजधानी काइफंगचा प्रमुख होता जेमतेम दीडेक वर्ष, आणि ऑपेरात बघाल तर जन्मभर तो तिथेच बसलेला.

पण मी खेड्यात हा प्रयोग बघताना आजूबाजूला पाहिलंय. बाओ टोपीला हात घालतो ना, त्या क्षणी पुढच्या बाकड्यांवरच्या म्हाताऱ्या, नटाला नव्हे, सरळ छन शमेईला शिव्या घालतात. शहरात नोकरीला गेलेल्या नवऱ्यांची गावं आहेत ही. लोकांना सुंग राजवंशाशी देणंघेणं नाही, त्यांना आपला खटला कोणीतरी चालवायला हवा आहे. मोठ्या माणसाची टोपी खाली ठेवलेली बघायला मिळते तेवढ्यासाठी लोक थंडीत तीन तास बसतात. त्साओ त्साओचं वाईट वाटतं, पण त्याने कविता लिहून ठेवल्यात, त्याला वकील नको.

आणि सगळंच रचलेलं नसतं. झाओ घराण्याच्या अनाथ पोराची कथा प्राचीन इतिहासग्रंथातून आली, युआन काळात (तेराव्या-चौदाव्या शतकात) तिचं नाटक झालं आणि ते फिरत फिरत युरोपात पोचलं. व्होल्तेअरने त्यावरून स्वतःचं नाटक लिहिलं, 1755 मध्ये पॅरिसला प्रयोगही झाला.

मूळ प्रश्नाकडे येतो, युएजू. हे तसं तरणंताठं आहे. 1906 साली शाओशिंगच्या दक्षिणेला शंगश्यान भागात दारोदार गाणी म्हणणाऱ्या शेतकऱ्यांनी भात झोडायची लाकडी पिंपं उलटी मांडली, वर दारांच्या फळ्या टाकल्या आणि उभे राहिले. तेव्हा सगळे पुरुष. शांघायला गेले, सुरुवातीला फारसे जमले नाहीत. मग 1923 च्या सुमाराला त्याच मुलखात मुलींची ऑपेराची शाळा निघाली आणि बघता बघता पोरींनी सगळं बळकावलं. आज युएजू म्हटलं की नायकही बाईच. हा नायक दांडगट नसतो, नाजूक, पुस्तकी, जरा बावळा. युआन श्युएफेन या नटीने चाळीसच्या दशकात दिग्दर्शक, प्रकाशयोजना, लिहिलेली संहिता हे सगळं आणलं. आज जी संथ, रडवी चाल युएजूची ओळख आहे ती 1943 च्या एका प्रयोगात तिच्या आणि तिच्या सारंगीवाल्याच्या हातून घडली.

पहिला प्रयोग बघाल तो ल्यांग शानबो आणि झू यिंगताय. पुरुषवेश घालून शिकायला गेलेली मुलगी आणि तीन वर्षं शेजारी बसूनही ती मुलगी आहे हे न कळलेला मित्र. ‘अठरा ली’चा (ली हे चिनी अंतराचं माप) निरोप हा प्रवेश डोळ्यांत तेल घालून बघा. घरी परतताना वाटेत जे जे दिसतं त्यावरून ती त्याला सुचवत जाते. बदकांची जोडी दिसते, ती म्हणते मी मुलगी असते तर आपणही असेच. हा म्हणतो, पण तू मुलगी नाहीस. विहिरीत दोन प्रतिबिंबं दाखवते, तरी ढिम्म. शेवटी वैतागून त्याला ‘बावळट हंस’ म्हणते. रिकाम्या रंगमंचावर दोघी नुसत्या गोल गोल चालतात आणि पूल, विहीर, देऊळ सगळं होऊन जातं. ल्यांग करणारी बाई झू करणाऱ्या बाईकडे बघत ‘तू मुलगी नाहीस’ म्हणते तेव्हा आमच्या इथे अजून हशा पिकतो. यावरचा रंगीत चित्रपट चीनचे पंतप्रधान चौ एनलाय यांनी 1954 साली जिनिव्हाच्या परिषदेत पाहुण्यांना दाखवला होता, ‘आमचे रोमिओ-ज्युलिएट’ म्हणून.

झेंगझोऊकर

कापडवाले काका, हेनानला विसरलात! मी इथे मेडिकलला आहे. आमच्याकडचं यूजू (युएजू नव्हे, हा हेनान प्रांताचा ऑपेरा) म्हणजे हुआ मुलान. बापाच्या जागी पुरुषवेशात सैन्यात जाणारी. तिच्या एका गाण्यावर रिक्षावालेसुद्धा ताल धरतात. सोबतचा लिऊ नावाचा शिपाई कुरकुर करतो की मरायचं पुरुषांनी आणि बायका घरात आरामात. त्यावर ती त्याला ऐकवते की तुझ्या अंगावरचा सदरा आणि पायातले जोडे बघ, टाका कोणी घातलाय. चांग श्यांगयू या नटीने हे गाजवलं. कोरियन युद्धाच्या वेळी 1951 मध्ये गावोगाव प्रयोग करून तिने लढाऊ विमानाचे पैसे उभे केले होते. आमच्या हॉस्टेलजवळच्या बागेत रोज सकाळी एक आजोबा लाउडस्पीकर लावून मुलानचा भाग गातात, बाईच्या आवाजात. परीक्षेच्या दिवसांत त्यांचा राग येतो.

नीलाक्षी_एस

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘बावळट हंस’ शेजारणीला म्हणून दाखवलं तर तिने पुढची पाच मिनिटं अख्खा प्रवेश गाऊन दाखवला, भाजी तशीच.

कापडवाले, तुम्ही ‘खेड्यात बघितलं’ म्हणालात ते नक्की कुठे आणि कसं? थिएटरचं तिकीट फोनवर मिळेल, पण खेड्यातल्या प्रयोगाची खबर कशी लागते? आणि मुलगी आठ वर्षांची आहे, ती टिकेल का?

कापडवाला

देवळाच्या उत्सवात. कधी देवाचा जन्मदिवस, कधी नवस फेडायचा असतो, कधी गावातल्या कोणा कारखानदाराच्या आईची ऐंशी वर्षं. तिकीट नाही, गाव पैसे देतं, मंडळी चार-पाच दिवस मुक्काम ठोकून दुपारी-रात्री खेळ करतात. रंगमंचाचं तोंड देवळाकडे असतं, कारण मुख्य प्रेक्षक देव. आपण मधल्या जागेत आपापलं स्टूल टाकून बसायचं.

पहिल्या खेळाआधी लवकर जा. आठ अमर सिद्ध येऊन शुभाशीर्वाद देतात, आणि लाल झगा घातलेला एकजण हसऱ्या मुखवट्याने येतो. शब्द नाही, फक्त ढोलावर डुलत डुलत पावलं टाकतो आणि हातातला फलक उलगडून दाखवतो, त्यावर ‘बढती होवो’ अशा अर्थाची अक्षरं. लोक या वेळी मोबाईल बाजूला ठेवतात, नाटकात ठेवत नाहीत.

यातल्या काही मंडळ्या, विशेषतः तायझोऊ, निंगबोकडच्या, अजून संहितेशिवाय खेळतात. दुपारी एक जाणता माणूस नटांना बसवून सांगतो: तू इकडून ये, तुझा बाप मेलाय, तू बागेत जा, तिथे हा भेटेल. बस. बागेचं वर्णन, बाजाराचं वर्णन, वाड्याचं वर्णन अशी यमकातली तयार पदं प्रत्येकाला पाठ असतात, ती जागच्या जागी जोडतात. आपल्या दशावतारात देवळापुढे रात्रभर चालतं ना, त्याच जातीचं. एकदा प्रधान करणाऱ्याने भलतीकडेच गोष्ट नेली, राणीने गाता गाता ती ओढून परत आणली आणि वाद्यवाले खाली मान घालून हसत होते.

खबर लागते ती शेजारणींकडूनच. देवळाच्या भिंतीवर लाल कागदावर खेळांची यादी चिकटवतात, तिचा फोटो आज्जीबाईंच्या वीचॅट गटात फिरतो. तुमच्या शेजारणीला म्हणा मला गटात घे.

मुलीला एकदम तीन तासांच्या खेळाला नेऊ नका. थिएटरात निवडक प्रवेशांचे कार्यक्रम असतात, एका संध्याकाळी तीन-चार तुकडे, त्यात एक तरी मारामारीचा किंवा विदूषकाचा. तुम्हाला आवडलेली ती अंधारातली मारामारी तिलाही आवडेल. हांगझोऊत 2023 पासून ‘नवी लोंगमन सराय’ नावाचा युएजू प्रयोग गाजतोय, प्रेक्षक नटांच्या अगदी मधोमध बसतात, तरुण पोरींची झुंबड असते. तिकीट मात्र खुलं झालं की मिनिटांत संपतं, तेव्हा आधीपासून लक्ष ठेवा. खेड्यात गेलात तर वादक कुठल्या बाजूला बसलेत ते आधी बघा आणि मुलीला दुसऱ्या बाजूला बसवा.